ओपनएसएसएचमधली व्हेरिएबलची चाळण: काम चोख, पण तोंडातून शब्द निघत नाही

सांगलीत विश्रामबागेत किंवा कुपवाडला बसून मुंबईतल्या, नाहीतर थेट जर्मनीतल्या भाड्याच्या सर्व्हरवर काम करणारी मंडळी आता कमी राहिलेली नाहीत. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचं बिलिंग, तासगावकडच्या कोल्ड स्टोरेजमधली बेदाण्याची आवक-जावक, एखाद्या पतसंस्थेचा रात्रीचा बॅकअप, हे सगळं एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीवरून, चालतं. की कशी बनवायची, पोर्ट कोणता ठेवायचा, पासवर्ड लॉगिन बंद कसं करायचं यावर सगळे बोलतात. लॅपटॉपवरची कुठली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामांना भाषा, वेळ वगैरे सांगणाऱ्या नाव-किमतीच्या जोड्या) पलीकडे जातात आणि कुठली अडतात, याकडे मात्र काहीतरी बिघडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. हे परीक्षण ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या तेवढ्याच भागाचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. रचनेला पाचपैकी साडेचार, वापरायच्या सोयीला तीन. सोयीला रचनेपेक्षा दीड गुण कमी का, ते पुढे येईलच.

लिहिण्याची एक सोय: सेटिंगची आणि व्हेरिएबलची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आणि व्हेरिएबलची नावं सगळी मोठ्या अक्षरांत.

मूळ यंत्रणा साधी आहे. लॅपटॉपवरच्या क्लायंटला सेंडएन्व्ह या सेटिंगने सांगायचं की अमुक नावाचं व्हेरिएबल पाठव. सर्व्हरला अ‍ॅक्सेप्टएन्व्हने सांगायचं की ते नाव आलं तर घे. दोन्हीकडे नाव असेल तरच ते पोचतं. ही जोडी २००४ साली ३.९ आवृत्तीत आली. मूळ ओपनएसएसएचमध्ये दोन्ही याद्या रिकाम्या असतात, म्हणजे तुम्ही स्वतः दार उघडेपर्यंत काहीच जात नाही. अपवाद एकच, टर्म. टर्मिनल मागितलं की त्याचा प्रकार त्या मागणीबरोबरच जातो, कारण प्रोटोकॉलच तसा आहे. तिसरं सेटिंग सेटएन्व्ह, हे २०१८ च्या ७.८ आवृत्तीतलं. लॅपटॉपवर व्हेरिएबल असो वा नसो, किंमत थेट कॉन्फिगमध्येच लिहायची. ते क्लायंटकडे आहे आणि सर्व्हरकडेही आहे, पण दोघांचं वागणं वेगळं. चौथं परमिटयूजरएन्व्हायर्नमेंट, वापरकर्त्याला सर्व्हरवरच व्हेरिएबल ठेवू देणारं. ते सर्व्हरवर असतं आणि मुळात बंद असतं.

दोन्ही टोकांची संमती लागते, हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. प्रोटोकॉलच्या आरएफसी ४२५४ मध्येही, म्हणजे २००६ च्या कागदात, हेच बजावलेलं आहे: जास्त अधिकार असलेल्या प्रोसेसमध्ये बाहेरून आलेली व्हेरिएबल बेलगाम बसवणं धोक्याचं, म्हणून परवानगीच्या नावांची यादी ठेवा. ओपनएसएसएचने ते नेमकं पाळलं आहे.

पण आपल्या हातात मूळ ओपनएसएसएच येतच नाही. येतं ते उबुंटू किंवा डेबियनने बांधून दिलेलं. त्यांनी क्लायंटच्या फाइलमध्ये ‘सेंडएन्व्ह लँग एलसी_*’ आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅक्सेप्टएन्व्ह लँग एलसी_*’ आधीच लिहून ठेवलेलं असतं. मॅकच्या क्लायंटमध्येही पाठवायची ओळ असते. म्हणजे तुम्ही काही न करता लॅपटॉपची भाषेची सेटिंग मुकाट्याने सर्व्हरवर जाऊन बसतात. बहुतेक कटकटींचं मूळ इथे आहे.

लोकेल: सगळ्यात जास्त डोकं खाणारी जागा

लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग. भारत निवडून उबुंटू टाकलं की लँगची किंमत ‘ईएन_आयएन’ होते. तारीख-चलनाचं स्वरूप मराठी निवडलं असेल तर एलसी_टाइम, एलसी_मॉनेटरी वगैरे ‘एमआर_आयएन’ होतात. भाड्याच्या सर्व्हरवर बहुधा कमीत कमी सामान असलेली इमेज असते आणि तिथे ‘सी.यूटीएफ-८’, फार तर ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८’ एवढीच लोकेल बनवलेली असतात. लॉगिन केल्या केल्या बॅश, म्हणजे कमांड घेणारं तिथलं शेल, ‘सेटलोकेल: कॅनॉट चेंज लोकेल’ अशी ओळ फेकतो. पर्लमध्ये लिहिलेली कुठलीही गोष्ट चालवली की ‘सेटिंग लोकेल फेल्ड’ म्हणत सात-आठ ओळींचा पाढा वाचला जातो. पॅकेज टाकताना हा पाढा पुन्हा पुन्हा येतो. नवीन मुलाला वाटतं सर्व्हर बिघडला. सर्व्हरला काही झालेलं नसतं, तुमच्या लॅपटॉपने मागितलेली भाषा तिथे नसते एवढंच. मॅकवरून आलात तर एलसी_सीटाइपची किंमत नुसतीच ‘यूटीएफ-८’ अशी येते. लिनक्सवर या नावाचं लोकेलच नसतं, त्यामुळे इशारा तोच, कारण वेगळं.

इशारे दिसतात तोवर ठीक. खरं नुकसान होतं ते लोकेल सर्व्हरवर असतं तेव्हा, कारण मग इशारा येतच नाही. एक उदाहरण नीट बघू. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव ‘डेट’ कमांडच्या ‘%डी%बी%वाय’ या नमुन्यावर बनवलेलं आहे, म्हणजे दिवस, महिन्याचं लघुनाम, वर्ष. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) चालतं तेव्हा तिथे एलसी_टाइम नसतो, महिना इंग्रजीत येतो. दिवसा कुणीतरी सांगलीहून लॉगिन करून तीच स्क्रिप्ट हाताने चालवतं, आणि एलसी_टाइम मराठी असल्यामुळे त्याच नमुन्यातून महिना देवनागरीत येतो. आता फोल्डरात दोन जातीच्या फाइली. जुन्या फाइली उडवणारी दुसरी स्क्रिप्ट इंग्रजी महिन्याने शोधते, तिला मराठी नावाच्या फाइली दिसतच नाहीत. डिस्क हळूहळू भरत जाते. स्क्रिप्टमध्ये चूक नाही, क्रॉनमध्ये नाही, फरक फक्त कुणाच्या वातावरणात ती चालली यात आहे. उपाय दोन आणि दोन्ही करावेत: नावात महिना आकड्यात घ्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने; आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी’ लिहा. एलसी_ऑल बाकी सगळ्या एलसी व्हेरिएबलवर आणि लँगवर मात करतो, त्यामुळे बाहेरून काहीही येवो, स्क्रिप्ट एकसारखी चालते. स्क्रिप्टमध्ये मराठी नावांच्या फाइली हाताळायच्या असतील तर ‘सी’ऐवजी ‘सी.यूटीएफ-८’ घ्या.

क्रमवारीचंही तसंच. ‘सॉर्ट’ कमांड एलसी_कोलेट बघून क्रम लावते. एका मशिनवर एका लोकेलमध्ये लावलेली यादी दुसऱ्या मशिनवर ‘कॉम’ला किंवा ‘जॉइन’ला दिली की ‘फाइल इज नॉट इन सॉर्टेड ऑर्डर’ अशी तक्रार येते. मराठी नावांत तर हे डोळ्यांना दिसतं. ‘सी’ क्रमात युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे जावं लागतं आणि तिथे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मधे आहे. म्हणून शेतकऱ्यांच्या यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे काळे कासारांच्या नंतर यायला हवेत. कुठला क्रम हवा हे तुम्ही ठरवा, पण तो लॉगिन करणाऱ्याच्या लॅपटॉपवर अवलंबून राहता कामा नये.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही चूक कायमची होऊन बसते. त्याची मांडणी पहिल्यांदा करणाऱ्या ‘इनिटडीबी’ला लोकेल सांगितलं नाही तर ती चालवणाऱ्याच्या वातावरणातून उचलते. डेटाबेस एकदा बनला की त्याचा कोलेट क्रम बदलता येत नाही, टेम्प्लेट० वरून नवा डेटाबेस बनवून सगळा डेटा उचलून न्यावा लागतो. म्हणून ‘इनिटडीबी’ चालवताना ‘--लोकेल’ हाताने लिहायचा, तो विसरायचा नाही.

सर्व्हरवर ईएन_आयएन हवंच असेल तर डेबियनमध्ये ईटीसी फोल्डरातली ‘लोकेल.जेन’ फाइल उघडा, ‘ईएन_आयएन यूटीएफ-८’ या ओळीसमोरची जाळीची खूण (#) काढा आणि ‘लोकेल-जेन’ चालवा. मराठीची ओळ ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ अशी असते. लक्ष द्या, ‘ईएन_यूएस.यूटीएफ-८’सारखं या नावांना शेपूट नाही, आणि शोधताना शेपटासकट शोधलं तर ओळ सापडत नाही. पण सर्व्हर अनेकांचा असेल तर प्रत्येकाच्या लॅपटॉपची भाषा बनवत बसण्यापेक्षा चाळणच नीट लावणं बरं.

बंद करायला गेलं की

इथे पहिला अर्धा गुण गेला. ७.८ पासून सेंडएन्व्हमध्ये नावापुढे वजाची खूण दिली की ते नाव यादीतून निघतं. वाचून कुणालाही वाटेल की आपल्या घरच्या कॉन्फिगमध्ये ‘सेंडएन्व्ह -लँग -एलसी_*’ लिहिलं की झालं. लिहा आणि तपासा, काही फरक पडत नाही. कारण वजाची खूण फक्त त्याआधी यादीत आलेली नावं काढते, आणि क्लायंट आधी तुमच्या घरची फाइल वाचतो, ईटीसीमधली सगळ्यांची फाइल नंतर. तुम्ही रिकाम्या यादीतून नावं काढता, मग डेबियनची फाइल येते आणि तीच नावं परत घालते. ईटीसीमधल्या ‘एसएसएच_कॉन्फिग.डी’ फोल्डरात स्वतःची छोटी फाइल टाकूनही तेच, कारण तो फोल्डर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच ओढून घेतला जातो आणि सेंडएन्व्हची ओळ त्याच्या खाली असते.

दुसरी मेख वाइल्डकार्डची, म्हणजे कुठल्याही अक्षरांशी जुळणाऱ्या ताऱ्याची. यादीत ‘एलसी_*’ अशी एकच नोंद असते. त्यातून ‘-एलसी_टाइम’ काढायला गेलात तर काहीच निघत नाही, कारण तुलना होते ती त्या नोंदीच्या मजकुराशी, तिच्यात बसणाऱ्या नावांशी नाही. चाळणीचं एकच भोक बुजवता येत नाही. पूर्ण ‘एलसी_*’ काढा आणि हवी ती नावं एकेक करून परत लिहा.

मग करायचं काय? लॅपटॉप तुमचाच असेल तर ईटीसीमधल्या फाइलमधली सेंडएन्व्हची ओळ सरळ कॉमेंट करा. ते जमत नसेल तर घरच्या कॉन्फिगमध्ये त्या सर्व्हरच्या होस्ट भागात असं लिहा:

होस्ट बेदाणा-सर्व्हर
    सेटएन्व्ह एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८

क्लायंट आधी सेंडएन्व्हची नावं पाठवतो, मग सेटएन्व्हची, आणि एलसी_ऑल तर सगळ्यांच्या वरचा. सर्व्हरने एलसी_* स्वीकारायची तयारी ठेवलेली असेल, आणि डेबियनवर ती असतेच, तर हे बिनबोभाट चालतं. एकदाच हवं असेल तर कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८’ लिहून एसएसएच चालवा.

सर्व्हरच्या बाजूला वजाची खूण नाहीच. अ‍ॅक्सेप्टएन्व्हच्या ओळी एकमेकींत भर घालत जातात. त्यामुळे ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरात कडक यादीची फाइल टाकून मुख्य फाइलमधली ‘लँग एलसी_*’ची ओळ रद्द होत नाही, ती हाताने कॉमेंट करावी लागते.

सेटएन्व्हचं वागणं मात्र याच्या अगदी उलटं, आणि माणूस इथे हमखास फसतो. दोन ओळींत दोन सेटएन्व्ह लिहिले तर पहिलीच ओळ लागू होते, दुसरी सोडून दिली जाते. ना चूक दाखवली जाते, ना इशारा. सगळ्या जोड्या एकाच ओळीत मोकळी जागा सोडून लिहा. एका होस्ट भागात एक सेटएन्व्ह आणि खाली सगळ्या होस्टसाठी दुसरा, असंही चालत नाही, पहिला जुळलेला घेतला जातो. एकाच कुटुंबातल्या दोन सेटिंगनी असं परस्परविरुद्ध वागणं ही खरोखरच चुकीची रचना आहे.

सेटएन्व्हची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. नव्या टर्मिनलमधून, उदाहरणार्थ किटीमधून, जुन्या सर्व्हरवर गेलात की ‘एरर ओपनिंग टर्मिनल: एक्सटर्म-किटी’ येऊन नॅनो, टॉप काहीच उघडत नाही, कारण त्या टर्मिनलची माहिती सर्व्हरवर नसते. २०२१ च्या ८.७ पासून क्लायंटच्या सेटएन्व्हमध्ये ‘टर्म=एक्सटर्म-२५६कलर’ लिहिलं की पुरतं. टर्मला सर्व्हरच्या अ‍ॅक्सेप्टएन्व्हची गरज नाही.

गप्प बसण्याची सवय

उरलेला गुण या सवयीमुळे गेला. क्लायंट व्हेरिएबल पाठवतो तेव्हा उत्तर मागतच नाही. सर्व्हरने नाकारलं तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. पुटी या दुसऱ्या एसएसएच क्लायंटने याबाबत बाजी मारली आहे. विंडोजवर काम करणारे पुष्कळ जण पुटीच वापरतात. त्यात कनेक्शनखालच्या डेटा पानावर व्हेरिएबलची नावं आणि किमती भरता येतात. सर्व्हरने नाकारलं की पुटी ‘सर्व्हर रिफ्यूज्ड टू सेट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ असं पडद्यावरच सांगतं. वाइल्डकार्ड नाही, प्रत्येक नाव हाताने भरावं लागतं, पण काय झालं ते समजतं. ओपनएसएसएचला हे करणं अवघड नव्हतं.

तोवर शोध घ्यायची पद्धत अशी. लॅपटॉपवर ‘एसएसएच -जी’ आणि पुढे होस्टचं नाव, यातला जी मोठा. सगळ्या फाइली वाचून शेवटी काय ठरलं ते छापलं जातं. त्यात ‘एन्व्ह’ शोधा. सेटएन्व्हची दुसरी ओळ गळली असेल तर ती इथे दिसणार नाही, म्हणजे चूक लगेच सापडते. मग ‘एसएसएच -व्ही’ने जोडा, लहान व्ही एकदा, कुठली व्हेरिएबल पाठवली ते दिसतं. तीनदा व्ही दिला तर न पाठवलेलीही ‘इग्नोर्ड एन्व्ह’ म्हणून दिसतात. इथपर्यंत नाव दिसतंय आणि पलीकडे ‘एन्व्ह’ कमांडमध्ये दिसत नाही, तर मामला सर्व्हरकडचा.

सर्व्हरवर रूट म्हणून ‘एसएसएचडी -टी’, मोठा टी, (एसएसएचडी म्हणजे सर्व्हरकडचा प्रोग्राम) चालवून ‘अ‍ॅक्सेप्टएन्व्ह’ बघा. मॅच भाग वापरत असाल तर मोठा सी देऊन ‘यूजर=डिप्लॉय,होस्ट=…,अ‍ॅड्र=…’ असं लिहा, म्हणजे त्या माणसाला लागू होणारी यादी दिसते. तरी उलगडा झाला नाही तर लॉगलेव्हल थोडा वेळ डीबग२ करा. लॉगमध्ये ‘इग्नोरिंग एन्व्ह रिक्वेस्ट’ आणि पुढे ‘डिसअलाउड नेम’ आलं की नाव यादीत बसलेलं नाही. काम झालं की लॉगलेव्हल परत खाली आणा.

कंट्रोलमास्टर वापरणाऱ्यांना एक वेगळाच त्रास होतो. आपल्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम करताना एकच जोडणी उघडी ठेवून तिच्यावरून बाकीची सत्रं चालवणं सोयीचं पडतं. पण मग नवं नाव किंवा सेटएन्व्हची नवी किंमत जाईल की नाही हे ती पहिली जोडणी ज्या सेटिंगवर उघडली त्यावरून ठरतं. कॉन्फिगमध्ये दहा वेळा भर घाला, जुनी मास्टर जोडणी जिवंत आहे तोवर फरक दिसणार नाही. ‘एसएसएच -ओ एक्झिट’ आणि होस्टचं नाव, यातला ओ मोठा, असं करून ती बंद करा आणि मग तपासा. सर्व्हरवर सेटिंग बदलून रीलोड केलं तरी तेच: चालू जोडण्या जुन्याच नियमांवर चालतात.

नाव नीट पोचूनही किंमत वेगळी दिसत असेल तर कुणीतरी नंतर ती बदलली. सर्व्हरवर पॅमच्या (लॉगिन सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) फाइली आणि शेलच्या प्रोफाइल फाइली यानंतर वाचल्या जातात, आणि शेवटी लिहिणाऱ्याचं खरं ठरतं. सर्व्हरच्या सेटएन्व्हचा मान इथे मोठा आहे: तो क्लायंटकडून आलेल्या आणि वापरकर्त्याने ठेवलेल्या दोन्ही किमतींवर मात करतो. डेबियनच्या ‘.बॅशआरसी’मध्ये सुरुवातीलाच, सत्र संवादी नसेल तर इथूनच परत फिर, अशी ओळ असते. तिच्या खाली लिहिलेले एक्सपोर्ट ‘एसएसएच होस्ट कमांड’ अशा थेट चालवलेल्या कामाला मिळत नाहीत. याचा दोष एसएसएचवर टाकला जातो, तो त्याचा नाही. रूटच्या अधिकाराने कमांड चालवणाऱ्या सुडोपुढेही तेच: भाषेची नावं त्याच्यातून पार होतात, पण ‘गिट_ऑथर_नेम’सारखी तिथेच गळतात. ‘--प्रिझर्व्ह-एन्व्ह’ला नाव देऊन चालवा आणि सुडोअर्समध्ये तशी परवानगी असू द्या.

सगळं उघडून टाकू नका

वैताग आला की कुणीतरी सल्ला देतं: ‘अ‍ॅक्सेप्टएन्व्ह *’ लिही आणि मोकळा हो. असं अजिबात करू नका. समजा बॅकअपसाठी एक की आहे आणि तिच्यावर ठरावीक कमांडची सक्ती केली आहे, दुसरं काही चालवता येत नाही. एसएसएचडी ती सक्तीची कमांड वापरकर्त्याच्या शेलमार्फत चालवतो. शेल बॅश असेल आणि क्लायंटने बॅश_एन्व्ह पाठवलं तर बॅश त्यात नाव दिलेली फाइल आधी चालवतो. बॅकअपच्या वाटेने फाइल वर चढवता येतेच. म्हणजे सक्ती कागदावर राहिली. एलडी_प्रीलोडचंही तसंच. ‘गिट_*’ असा मोकळा नमुनाही नको, त्यात गिट_एसएसएच_कमांड येतो आणि त्यात काहीही लिहिता येतं.

भाषेची व्हेरिएबल तरी निरुपद्रवी असतील, हा समजही २०१४ ने मोडला. सप्टेंबरात शेलशॉक ही बॅशमधली चूक बाहेर आली तेव्हा व्हेरिएबलचं नाव काय याला महत्त्वच उरलं नाही, किंमतीत फंक्शनसारखा मजकूर घातला की जुना बॅश तो चालवायचा, आणि एलसी_* तर उघडंच होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये ६.६ आवृत्तीत अ‍ॅक्सेप्टएन्व्हमधली वाइल्डकार्डची एक चूक दुरुस्त झाली. तोवर ताऱ्याच्या आधीच्या मजकुराचा तुकडा वापरून यादी चुकवता येत होती. दोन्ही भोकं कधीच बुजली. पण तारा जितका कमी तितकं बरं, हे त्यातून पक्कं झालं. एकेक नाव लिहायला दोन मिनिटं लागतात.

एलसी_* उघडं असतं म्हणून ‘एलसी_माझंकाहीतरी’ असं नाव बनवून त्यातून वाट्टेल ते पाठवायची युक्ती प्रचलित आहे. चालते. सर्व्हरच्या फाइलला हात लावायची परवानगी नसेल तेव्हा उपयोगीही पडते. मात्र पासवर्ड किंवा टोकन त्यातून पाठवू नका. व्हेरिएबल त्या प्रोसेसच्या ‘प्रॉक’मधल्या ‘एन्व्हायरन’ फाइलमध्ये पडून असतं, तोच वापरकर्ता आणि रूट ते वाचू शकतात, आणि पुढच्या प्रत्येक पोटप्रोसेसला ते वारशाने जातं. ‘एसएसएच होस्ट’च्या पुढे ‘नाव=गुपित कमांड’ असं लिहून चालवणं त्याहून वाईट, कारण कमांडची ओळ प्रोसेसच्या यादीत सगळ्यांना दिसते. गुपित स्टँडर्ड इनपुटवरून द्या.

कुठली नावं उघडावीत

गिटचा सर्व्हर स्वतः चालवत असाल तर ‘गिट_प्रोटोकॉल’ नक्की स्वीकारा. गिटचा क्लायंट प्रोटोकॉल २ मागायला हेच व्हेरिएबल स्वतःहून पाठवतो. सर्व्हरने नाकारलं तर काम अडत नाही, गिट गुपचूप जुन्या पद्धतीने बोलतं आणि ढीगभर ब्रँच-टॅग असलेल्या रिपॉझिटरीत प्रत्येक फेच उगाच लांबतो. एका नावाने सुटणारा प्रश्न आहे.

वेळेसाठी ‘टीझेड’ हेही बिनधोक नाव. सर्व्हर यूटीसीवर ठेवणंच योग्य, पण वजनकाट्याच्या नोंदी बघताना दर वेळी साडेपाच तास मिळवत बसायचं कशाला? सर्व्हरवर टीझेड स्वीकारा आणि क्लायंटच्या त्या होस्ट भागात सेटएन्व्हच्या त्याच ओळीत ‘टीझेड=एशिया/कोलकाता’ जोडा. सेंडएन्व्ह इथे उपयोगाचा नाही, कारण लॅपटॉपवर टीझेड बहुधा ठेवलेलाच नसतो. क्रॉन आणि सेवा यूटीसीवरच राहतात, तुमच्या सत्रात ‘डेट’ आपली वेळ दाखवतो.

एकाच ‘डिप्लॉय’ खात्यात पाच जण शिरत असतील आणि कमिट कुणाचं ते कळत नसेल, तर परमिटयूजरएन्व्हायर्नमेंट कामाला येतं. ‘यस’ लिहू नका. ७.८ पासून तिथे नावांचा नमुना देता येतो, ‘गिट_ऑथर_नेम,गिट_ऑथर_ईमेल’ एवढाच द्या. मग ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये प्रत्येकाच्या कीच्या आधी ‘एन्व्हायर्नमेंट=’ लिहून अवतरणात नाव आणि किंमत. कुठली की आली त्यावरून नाव बसतं, लॅपटॉपवर काही करावं लागत नाही. आत शिरल्यावर माणूस ते बदलू शकतो, म्हणून हा पुरावा नव्हे, सोय आहे. स्वतंत्र खाती देता येत असतील तर तीच द्यावीत.

एवढ्यावरून छोट्या कार्यालयाच्या सर्व्हरसाठी आमची शिफारस: मुख्य फाइलमधली ‘लँग एलसी_*’ची ओळ कॉमेंट करा आणि तिच्या जागी एकच ओळ ठेवा:

अ‍ॅक्सेप्टएन्व्ह एलसी_ऑल टीझेड गिट_प्रोटोकॉल

एलसी_ऑल ठेवला की ज्याला खरंच वेगळी भाषा हवी तो सेटएन्व्हने मागू शकतो, बाकीच्यांच्या लॅपटॉपची भाषा आपोआप आत येत नाही. फाइल जतन केल्यावर ‘एसएसएचडी -टी’, या वेळी लहान टी, चालवा. काही छापलं गेलं नाही म्हणजे व्याकरण बरोबर. मग रीलोड करा, रीस्टार्ट नको. उबुंटू-डेबियनवर सेवेचं नाव ‘एसएसएच’, रेडहॅटच्या घराण्यात ‘एसएसएचडी’. जुनं सत्र उघडंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन करा, ‘लोकेल’ आणि ‘डेट’ चालवून बघा, आणि दोन्ही मनासारखं दिसल्यावरच पहिली खिडकी मिटा.